पातळ पिशवीचे पुढे काय होते आणि काय होऊ शकते

भाजीबरोबर घरी येणारी पातळ प्लास्टिकची पिशवी वजनाने जेमतेम तीन-चार ग्रॅमची असते. प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी आपल्या कानांवर जे जे येते, म्हणजे बंदीचे नियम, पिशवीची जाडी सांगणारे मायक्रॉनचे आकडे, डांबरात मिसळलेले प्लास्टिक, चरख्यावर गुंडाळलेल्या पट्ट्या, त्या सगळ्याचा उलगडा या एका आकड्यापासून होऊ लागतो. अशा पिशव्यांचा एक किलो भरायचा तर अडीचशे-तीनशे पिशव्या गोळा कराव्या लागतात. पाण्याची रिकामी बाटली वीसेक ग्रॅमची असल्यामुळे तिचा किलो पन्नास नगांतच भरतो. कचरा वेचणारी बाई बाटली वाकून उचलते आणि पिशवी तिथेच राहू देते, यात तिची काही चूक नाही. भंगाराच्या दुकानात तराजूवर जे तोलले जाते त्याचेच पैसे हाती येतात, आणि मातीने व भाजीच्या देठांनी माखलेली ओली पिशवी भंगारवाला बहुधा घेतच नाही. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा हे सारे कोणी ना कोणी उचलून नेते. नाल्यात, ओढ्याकाठी आणि शेताच्या बांधावर उरतात त्या पिशव्याच.

ही पिशवी पॉलिथिलीन नावाच्या पदार्थाची असते. खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू यांपासून मिळणाऱ्या इथिलीनचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून त्याच्या लांबच लांब साखळ्या तयार केल्या जातात. इंग्लंडमधील एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ मध्ये हा पदार्थ अनपेक्षितपणे हाती लागला आणि आज आपण वापरतो तशी एकसंध, हातात धरता येणारी पिशवी स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलीन या अभियंत्याने साठच्या दशकात तयार केली; तिचे अमेरिकी पेटंट १९६५ चे आहे. पाच ग्रॅमची पिशवी पाच किलो ओझे पेलते, पाण्याने भिजत नाही, कुजत नाही आणि जवळजवळ फुकट पडते. एवढे गुण एका वस्तूत असताना ती जगभर पसरली यात नवल नाही. मात्र तिचे न कुजणे हाच पुढे सर्वांत मोठा प्रश्न होऊन बसतो. पालापाचोळा मातीत मिसळतो, कारण जिवाणूंकडे त्याचे रेणू तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. पॉलिथिलीनच्या साखळ्या इतक्या लांब आणि रासायनिकदृष्ट्या इतक्या निष्क्रिय असतात की जिवाणूंना त्या सहजासहजी तोडता येत नाहीत. उन्हातील अतिनील किरणांनी पिशवी ठिसूळ होते, तिचे तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात. पण कण झाले तरी ते प्लास्टिकच राहते.

नाला, गाय आणि चूल

पिशवीमुळे होणारे नुकसान अनेक प्रकारचे असले, तरी आपल्या वस्त्यांमध्ये ते तीन ठिकाणी उघडपणे दिसते. पहिले ठिकाण पावसाच्या पाण्याचे नाले. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने पिशवी पाण्याबरोबर वाहत जाते, नाल्याच्या तोंडाच्या जाळीवर पसरून बसते, तिच्यावर दुसरी अडकते, मग मागून आलेला गाळ आणि पालापाचोळा या पडद्याला धरून साचू लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईचे नाले मुळात ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते, त्यामुळे तो प्रलय केवळ पिशव्यांमुळे आला असे म्हणणे बरोबर होणार नाही; परंतु तुंबलेल्या नाल्यांनी त्यात भर घातली, हे पाणी ओसरल्यावर सर्वांनीच पाहिले. त्यानंतर २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. बांगलादेशाने तर १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत तुंबलेल्या गटारांचा अनुभव घेऊन २००२ मध्येच पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी आणली होती, आणि असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला.

दुसरे ठिकाण मोकाट गाईगुरांचे पोट. उरलेली पोळी, भाजीची साले, शिळा भात पिशवीत भरून, तिला गाठ मारून आपण कचराकुंडीत टाकतो. गाईला अन्नाचा वास येतो, पण गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात गेलेली पिशवी रवंथ करताना नीट वर येत नाही आणि पुढेही सरकत नाही. एकेक करून साचलेल्या पिशव्यांचा गोळा तो कप्पा व्यापतो, जनावराची भूक मरते, पोट फुगते, आणि शेवटी पशुवैद्यकाला कुशीत छेद घेऊन तो गोळा काढावा लागतो. ही शस्त्रक्रिया वेळेवर होण्याचे भाग्य मोकाट जनावरांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येते. या एका गोष्टीसाठी कोणत्याही योजनेची किंवा यंत्राची वाट पाहावी लागत नाही: ओला कचरा पिशवीत बांधून टाकायचा नाही, एवढे केले तरी पुष्कळ जीव वाचतील.

तिसरे ठिकाण म्हणजे चूल, पाणी तापवण्याचा बंब आणि थंडीतली शेकोटी. ओले सरपण लवकर पेटावे म्हणून त्याखाली प्लास्टिकची पिशवी सरकवण्याची सवय गावांत आणि शहरांतल्या वस्त्यांत आजही दिसते. चुलीत हवा अपुरी आणि उष्णता बेताची असल्यामुळे प्लास्टिक पूर्ण जळत नाही. त्यातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेली घातक रसायने बाहेर पडतात, आणि ज्वालेत पीव्हीसीचा, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचा, तुकडा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होतात. हा धूर सर्वांत आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्याजवळ खेळणाऱ्या मुलाच्या छातीत जातो.

मायक्रॉनचा हिशेब

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कायदा पिशवीची जाडी मोजतो, तेव्हा तो प्रत्यक्षात तिचे वजन आणि किंमत यांवर बोट ठेवत असतो. तीस सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर लांब पिशवी २० मायक्रॉनची असेल तर तिचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम भरते. तीच १२० मायक्रॉनची असेल तर सत्तावीस ग्रॅम. सत्तावीस ग्रॅमची पिशवी दुकानदाराला फुकट वाटणे परवडत नाही, गिऱ्हाईक ती एकदा वापरून फेकत नाही, आणि फेकलीच तर ती उचलण्याइतके मोल तिच्यात असते. केंद्र सरकारच्या नियमांत पिशवीची किमान जाडी २०११ मध्ये ४० मायक्रॉन, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी चढत गेली, तिच्यामागचा विचार हा आहे. या विचाराला एक धोकाही चिकटलेला आहे. जाड पिशवी जर पातळ पिशवीसारखीच एकदा वापरून टाकली गेली, तर प्लास्टिक सहापट वाढते.

महाराष्ट्राने याहून कडक मार्ग धरला. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर, मग तिला हँडल असो वा नसो आणि तिची जाडी कितीही असो, बंदी आली. नियम मोडणाऱ्यास पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० रुपये आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. दुधाच्या ५० मायक्रॉनहून जाड पिशव्यांना त्यातून सवलत मिळाली, पण त्या परत घेण्याची व्यवस्था असावी अशी अट घातली गेली. पहिल्या काही महिन्यांत बाजारात कापडी पिशव्या मोठ्या संख्येने दिसू लागल्या, आणि तपासणी सैल पडताच पातळ पिशव्या हातगाड्यांवर परतल्या. बंदी योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही केवळ दंडाच्या भीतीवर ती टिकत नाही, कारण दिवसाला काही शे रुपये कमावणाऱ्या भाजीवाल्यापुढे खरा प्रश्न गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते हा असतो. त्याला पिशवी ठेवायला भाग पाडणारे आपणच असतो.

स्वच्छ, कोरडी आणि वेगळी

आता घरात येऊन पडलेल्या पिशव्यांकडे वळू. पिशवीचे पुढे काय होणार हे कारखान्यात ठरत नाही, ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठरते. ओल्या कचऱ्यात मिसळलेली पिशवी जवळजवळ निरुपयोगी होते: तिला धुवायला पाणी लागते, धुतल्यावर वाळवायला जागा लागते, आणि या दोन्हींचा खर्च तिच्या मोलापेक्षा जास्त होतो. तीच पिशवी घरी रिकामी करून, एकदा विसळून, दोरीवर वाळवून वेगळ्या पोत्यात टाकली, तर तिच्यापुढचे बहुतेक सगळे मार्ग खुले होतात.

दुधाच्या पिशव्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांचे प्लास्टिक चांगल्या प्रतीचे असते आणि भंगारवाले त्या आनंदाने घेतात. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नये, चीर देऊन तो पिशवीलाच लोंबता ठेवावा. नखाएवढा तो तिकोनी तुकडा एकदा सुटला की कोणत्याही चाळणीत, हातात किंवा यंत्रात सापडत नाही, आणि रोज लाखो घरांतून असे तुकडे गटारांत जातात. चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने मात्र या पोत्यात मिसळू नयेत. त्यांत निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे अवघड असल्यामुळे वितळवून त्यांचा पुन्हा वापरण्याजोगा दाणा बनत नाही.

स्वच्छ पिशव्या पुनर्चक्रणाच्या कारखान्यात गेल्या की त्या प्रकाराप्रमाणे आणि रंगाप्रमाणे निवडल्या जातात, धुतल्या जातात, कापून वितळवल्या जातात आणि गाळून त्यांचे दाणे पाडले जातात. या दाण्यांपासून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, शेतीसाठी पाण्याचे पाइप, आच्छादनाचे कागद अशा वस्तू तयार होतात. रंगीबेरंगी पिशव्या एकत्र वितळल्या की मळकट रंग येतो, म्हणून त्यात काळा रंग घालावा लागतो. दर फेरीला प्लास्टिकची प्रतही थोडी उतरते, त्यामुळे हे चक्र अनंत काळ फिरत राहील अशी अपेक्षा ठेवू नये.

या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे कचरावेचक. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आकाराला आली, जिने २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. उकिरड्यावर वाकून वेचण्याऐवजी दारात येऊन वर्गीकृत कचरा घेणे, त्यासाठी घरटी शुल्क मिळणे आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे स्वतःच्या हाती राहणे, या तीन गोष्टींनी त्या कामाला प्रतिष्ठा आली. पिशव्यांच्या कचऱ्यातून समाजाचे भले कसे साधता येईल असे कोणी विचारले, तर माझे उत्तर या व्यवस्थेपासून सुरू होईल. आपण वाळवून वेगळ्या दिलेल्या पिशव्या एखाद्या कष्टकरी कुटुंबाच्या मिळकतीत थेट भर घालतात.

पिशवीपासून वस्त्र, रस्ता आणि इंधन

न वितळवता पिशवीला नवे रूप देण्याचा सर्वांत सुंदर मार्ग विणकामाचा आहे. पुण्यातील 'रिचरखा' आणि 'इकोकारी' या उपक्रमांनी तो लोकांपुढे आणला. पिशव्या धुऊन, उन्हात वाळवून, रंगाप्रमाणे लावून घेतात. मग त्या कात्रीने लांब पट्ट्यांमध्ये कापतात, पट्ट्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर सुताच्या ताण्यात बाणा म्हणून विणतात. तयार होणारे कापड पाण्याला दाद देत नाही आणि दणकट असते. त्याच्या खांद्यावरच्या पिशव्या, पाकिटे, चटया शिवल्या जातात. यात वीज फारशी लागत नाही, धूर होत नाही, आणि कापणाऱ्या, विणणाऱ्या, शिवणाऱ्या हातांना काम मिळते. हातमाग नसेल तर पट्ट्या एकमेकींना जोडून जाड सुईने बसकर किंवा निजायची चटई विणता येते. अमेरिकेत अनेक ठिकाणी लोक एकत्र बसून अशा चटया विणतात आणि उघड्यावर झोपणाऱ्या बेघरांना देतात, कारण प्लास्टिकची चटई जमिनीची ओल वर येऊ देत नाही. एका चटईत पाचशे ते सातशे पिशव्या जातात. आपल्याकडच्या एखाद्या महिला बचत गटाला किंवा शाळेला हे काम सहज जमण्यासारखे आहे. मात्र या वाटेने शहराचा सगळा कचरा संपेल असे कोणी समजू नये. देशात २०१९-२० या वर्षात सुमारे ३४ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाल्याची नोंद आहे, आणि विणकामात मुरणारे प्लास्टिक त्यापुढे नगण्य आहे. विणकामाचे मोल त्यातून मिळणाऱ्या रोजगारात आहे.

मोठ्या प्रमाणावर पिशव्या मुरवणारा मार्ग रस्त्याचा. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तिचे मर्म समजायला सोपे आहे. खडी सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि तिच्यावर पिशव्यांचे बारीक तुकडे टाकतात. पॉलिथिलीन त्याहून बऱ्याच कमी तापमानाला वितळत असल्यामुळे क्षणार्धात खडीवर त्याचा पातळ लेप बसतो, आणि मग त्यावर डांबर घालतात. लेपामुळे खडी पाणी शोषत नाही आणि डांबर तिला घट्ट धरते. आपल्याकडे रस्ता उखडतो तो मुख्यतः पावसाळ्यात, पाणी डांबर आणि खडी यांच्यामध्ये शिरल्यामुळे, म्हणून हा गुण मोलाचा आहे. डांबराच्या वजनाच्या साधारण आठ टक्के प्लास्टिक यात वापरले जाते आणि एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला ते सुमारे एक टन लागते. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१३ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पीव्हीसी यात चालत नाही, कारण त्या तापमानाला त्यातून आम्लाची वाफ निघू लागते. म्हणजे इथेही वेगळे करणे आलेच. हेही ध्यानात ठेवावे, की रस्त्यात गेलेले प्लास्टिक पुन्हा कधी वापरात येत नाही, म्हणून ज्या स्वच्छ पिशव्यांचा दाणा होऊ शकतो त्या रस्त्यात घालू नयेत.

प्राणवायूशिवाय बंद भट्टीत तापवून प्लास्टिकपासून तेल काढण्याची पद्धतही आहे. पुण्याच्या 'रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन' या संस्थेने अनेक वर्षे नागरिकांकडून प्लास्टिक गोळा करून हे काम केले आहे. सिमेंटच्या भट्ट्यांतही कोळशाच्या जोडीला प्लास्टिक जाळले जाते, आणि तिथले तापमान १,४०० अंशांच्या घरात असल्यामुळे ते पूर्ण जळते. तरीही एक किलो पॉलिथिलीन जळाले की तीन किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मग ते सिमेंटच्या भट्टीत जळो की तेल होऊन इंजिनात. म्हणून जे धुऊन, वितळवून, विणून काहीच होण्यासारखे नाही, तेवढेच या वाटेने जावे.

मुळात घरात कमी येण्यासाठी

कापडी पिशवी चांगली असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात एक बारकावा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानबदलावरील परिणामाच्या दृष्टीने नवी सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची तर ती १३१ वेळा वापरावी लागते. कागदी पिशवीसाठी हा आकडा तीन आहे. कापूस पिकवायला आणि विणायला पाणी, खत आणि ऊर्जा लागते, त्याचा हा हिशेब आहे. नाले तुंबणे आणि गुरांच्या पोटात जाणे या गोष्टी त्या हिशेबात धरलेल्या नाहीत, म्हणून त्यावरून प्लास्टिकच बरे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्यातून घ्यायचे ते एवढेच, की समारंभात छापील नव्या कापडी पिशव्या वाटण्यापेक्षा जुन्या साडीची, चादरीची, धोतराची पिशवी शिवणे कितीतरी श्रेयस्कर आहे. ते कापड आधीच तयार झालेले असते. ज्या घरांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जात, तिथे हे नव्याने शिकवायला नको.

दुकानांत मिळणाऱ्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. पिशवीची कड ज्योतीजवळ नेली तर सूत जळून राख होते आणि हे कापड आक्रसून वितळते. कंपोस्ट होणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांनाही अट असते: त्यांना सुमारे ५८ अंश तापमान राखणारा कंपोस्ट प्रकल्प हवा, नाल्यात किंवा समुद्रात पडल्या तर त्या तशाच राहू शकतात, आणि पॉलिथिलीनच्या पोत्यात मिसळल्या तर त्याचा दाणाही बिघडवतात.

बाजारात पिशवी विसरून येणाऱ्यासाठी तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये पिवळ्या कापडी पिशवीची, 'मंजप्पै'ची, मोहीम सुरू केली आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपये टाकले की अशी पिशवी देणारे यंत्र बसवले. छत्तीसगडमधील अंबिकापूर महानगरपालिकेने २०१९ मध्ये एक किलो प्लास्टिक आणून देणाऱ्याला जेवण आणि अर्धा किलो आणणाऱ्याला नाश्ता देणारे उपाहारगृह काढले. पिशव्यांचा किलो कसा भरतो हे आपण पाहिले आहे, त्यामुळे त्या थाळीमागचे कष्ट ध्यानात येतील.

आपल्या आठवडी बाजारात यंत्राचीही गरज नाही. बाजाराच्या तोंडाशी बचत गटाने एक टेबल मांडावे, जुन्या कापडाच्या पिशव्या वीस रुपये ठेव घेऊन द्याव्यात आणि पुढच्या बाजारी पिशवी परत आली की ठेव परत करावी. पिशवी परत आली नाही, तर त्या पैशांत शिवणारीची मजुरी निघते. त्याच टेबलाखाली दोन पोती ठेवावीत, एक दुधाच्या पिशव्यांसाठी आणि दुसरे इतर स्वच्छ, कोरड्या पिशव्यांसाठी, आणि ती भरली की त्या भागातील कचरावेचक महिलेच्या स्वाधीन करावीत. विक्रीचे पैसे तिचे असतील, हे पहिल्याच दिवशी पोत्याशेजारी फलक लावून सर्वांना कळवावे, म्हणजे पिशव्या धुऊन आणणाऱ्या माणसालाही आपण हे कोणासाठी करत आहोत ते ठाऊक राहील.